नेरेइदाचा गुडघा आणि तीन वकील

नेरेइदा सोकारास जहाजावर घसरून पडली मे महिन्यात, आणि उन्हाळा सरत आला तरी ती लेकीच्या, यामिलेच्या, सोफ्यावरच होती. तिचं स्वतःचं घरही मायामीलगतच्या हायलियातच, पलीकडच्या गल्लीत, पण दुसऱ्या मजल्यावर. आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. गुडघ्याची वाटी तडकलेली, आतली कूर्चा फाटलेली. ऑपरेशन करा, असं हाडांचे डॉक्टर म्हणत होते. आधी व्यायाम करून बघा, असं विमा कंपनी म्हणत होती. दोघांच्या भांडणात बाई सोफ्यावर.

सोफ्यावर म्हणजे गप्प पडून नव्हे. उजाडायच्या आत तिला कॉफी लागायची, आणि ती यामिलेने केली की पातळ असायची. काळ्या घेवड्यात जिरं कमी असायचं. रेडिओवरची भांडखोर मंडळी सकाळपासून घरभर ओरडायची, संध्याकाळी तिच्या मालिका. यामिलेचा नवरा रेइनिएर, भला माणूस, बेसबॉल बघायला गॅरेजमध्ये फोन घेऊन बसू लागला होता. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांच्या किंकाळ्या ऐकून यामिले घरी यायची आणि दारातच तिला ऐकू यायचं, "पडदे कधी धुतले होतेस?"

नेरेइदालाही तिथे राहण्याची हौस नव्हती. तिला तिचा जिना चढून तिच्या घरी जायचं होतं. तिथे तिच्या कुंड्या वाळत होत्या, तिची शिलाईची मशीन धूळ खात होती आणि शेजारीण तिच्या खिडकीतून रोज विचारत होती की बाई, येणार कधी. आईने जावं असं यामिलेला मनापासून वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचाच संताप यायचा. कारण जहाजाचं तिकीट काढलं होतं तिनेच. मातृदिनाची भेट.

पडण्याची गोष्ट साधी होती. जहाजाच्या वरच्या डेकवर, पोहण्याचा तलाव आणि जेवणाची टेबलं यांच्या मधल्या वाटेवर आइस्क्रीमचं यंत्र होतं आणि ते गळत होतं. सकाळपासून गळत होतं. शेकडो लोक त्या चिखलातून गेले, कुणी पुसलं नाही, कुणी पिवळी पाटी ठेवली नाही. नेरेइदा गेली आणि आडवी झाली. जहाजाच्या डॉक्टरने बर्फ दिला आणि बर्फाचं बिल लावलं.

आता वकील शोधायचा. मायामीत वकील शोधावा लागत नाही, तो आपणच येऊन डोक्यावर बसतो. हमरस्त्यावर दर मैलाला एकेकाचा फलक, हाताची घडी घातलेला, दात दाखवणारा. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दातांच्या वकिलाकडे यामिले आईला घेऊन गेली. वकील दिसलाच नाही. एका मुलीने हातातल्या टॅबलेटवर बोट नाचवत विचारलं, गाडी कोणती होती. जहाज, असं यामिले म्हणाली. जहाजाला धडकलात का, असं मुलीने विचारलं. एवढ्यात नेरेइदाने सगळी हकीकत पहिल्यापासून सुरू केली: पायात सपाता होत्या, तळ झिजलेल्या, तीन उन्हाळे वापरलेल्या, हातात दोन बशा होत्या, दोन्हींत फ्लान, म्हणजे साखरपाकातलं कस्टर्ड, आणि लक्ष होतं एका इटालियन अधिकाऱ्याकडे, कारण तो हुबेहूब तिच्या थोरल्या दिरासारखा दिसत होता. मुलीने लिहिणं थांबवलं आणि आम्ही तुम्हाला फोन करू असं सांगितलं.

बाहेर आल्यावर यामिलेने गाडीचं दार आपटलं. "सपाता कशाला सांगितल्यास? विचारलं होतं तिने?"

"पायात होत्या त्या सांगितल्या. बूट होते असं सांगू?"

"काहीच नको सांगूस ना. सांगायलाच हवं असं आहे का?"

"खरं ते खरं," नेरेइदा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसरा वकील रेइनिएरच्या ओळखीतला. खरं तर तो लोकांची नागरिकत्वाची कामं बघायचा, पण वकील तो वकील, असं रेइनिएरचं मत. त्याने पेरूच्या पेस्ट्र्या मागवल्या, नेरेइदाच्या गावची चौकशी केली, त्याचा काका आणि तिचा मावसभाऊ एकाच शाळेत होते असं निघालं, आणि मग दुपार त्यातच गेली. निघताना तो म्हणाला की घाई नको, अशा दाव्याला बरीच वर्षं मुदत असते, पावसाळा संपू द्या, मग बघू. यामिलेला बरं वाटलं. कुणीतरी घाई नको असं म्हटलं की माणसाला बरं वाटतंच.

बरं वाटणं टिकलं नाही. दवाखान्यात दाढ भरायला आलेल्या एका बंदरावरच्या माणसाने तोंडात कापूस असतानाच हातवारे करून तिला वेड्यात काढलं. जहाजाचं गणित वेगळं असतं, लगेच किर्चकडे जा, असं त्याने कापूस काढल्यावर सांगितलं.

ओस्वाल्दो किर्च जन्मभर फक्त जहाजांशी भांडत आलेला. नदीकाठच्या जुन्या इमारतीत त्याची कचेरी, खाली मासळीचं दुकान. पोटात सतत आग, म्हणून तो आम्लपित्ताच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या चघळायचा. त्याने हकीकत ऐकून घेतली, सपातांसकट, बशांसकट आणि दिरासकट. मग त्याने यामिलेकडे पाहून विचारलं की तिकिटासोबतच्या अटी वाचल्या का. नाही, असं ती म्हणाली.

"तिथे बारीक अक्षरांत छापलंय. दावा फक्त मायामीत लावायचा, तोही फेडरल कोर्टात, आणि तोही वर्षाच्या आत. वर्ष उलटलं की गुडघा तुमचा, जहाज त्यांचं."

"पण ते कोण वाचतं?"

"कुणीच नाही. म्हणून तर छापतात."

दुसऱ्या वकिलाने बरीच वर्षं मुदत आहे असं सांगितलं होतं, हे यामिलेने त्याच्या कानावर घातलं. किर्चने दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. मग त्याने केस घेतली, का घेतली ते त्यालाच माहीत. बहुधा त्या गळक्या यंत्राची तक्रार आधीच्या फेरीतही झाली होती हे त्याला त्याच्या बंदरावरच्या माणसांकडून कळलं म्हणून. ऑक्टोबरात दावा दाखल झाला. त्या दिवशी त्याने मायलेकींना समोर बसवून बजावलं की आजपासून समोरचे लोक पाळत ठेवतील. गाडीतून, झुडपाआडून, कुठूनही कॅमेरा लावतील. नाच नको, ओझं नको, लग्नाकार्यात मिरवणं नको, फोटो नकोत.

"गुडघा वाकत नाही असं आपण म्हणतोय," तो म्हणाला. "तेव्हा तो कुठेही वाकलेला दिसता कामा नये. कळलं का, बाई?"

कळलं, असं नेरेइदा म्हणाली. आणि डिसेंबर उजाडताच एका सकाळी, कॉफी पातळ झाल्याचं सांगून झाल्यावर, तिने सांगितलं की सतरा तारखेला तिला सान लासारोला जायचंय.

यामिलेला त्यात काही वावगं वाटलं नाही. सतरा डिसेंबरला अर्धं हायलिया त्या चर्चमध्ये असतं. कुबड्यांवरचा तो म्हातारा संत, पायाशी त्याची कुत्री, त्याच्यापुढे जांभळी मेणबत्ती लावायची आणि परत यायचं. गाडीने जाऊ, असं ती म्हणाली.

"गाडीने फाटकापर्यंत. पुढे गुडघ्यांवर."

यामिलेने हातातला कप खाली ठेवला. तिला वाटलं, आई थट्टा करतेय. आईला थट्टा येत नाही हे लगेचच तिच्या लक्षात आलं. मग सुरू झालं ते दोन आठवडे चाललं. वकिलाने काय सांगितलंय, डॉक्टरने काय सांगितलंय, कॅमेरे आहेत, उरलासुरला गुडघाही जाईल, ऑपरेशन जाईल, तुझं घर जाईल, माझं डोकं जाईल. नेरेइदाचं एकच उत्तर: नवस बोललाय. वकिलाशी झालेला करार वेगळा, म्हाताऱ्याशी झालेला वेगळा.

"अगं, त्याला स्वतःला कुबड्या आहेत. तो समजून घेईल."

"समजून घेतो म्हणून त्याचं बुडवायचं?"

"मग मी जाते. तुझ्याऐवजी मी जाते गुडघ्यांवर, झालं?"

"तू नाही जायचंस," नेरेइदा म्हणाली, आणि इतक्या तोडून म्हणाली की रेइनिएर गॅरेजकडे निघाला.

यामिलेचा तोल सुटला तो तिथे. ती म्हणाली की जगात सगळे लोक नवस पावल्यावर फेडतात, आणि ही बाई गुडघा बरा व्हावा म्हणून फुटक्या गुडघ्यावर चालणार. देवालासुद्धा आगाऊ रक्कम भरणार. म्हातारी वेडी झालीय. शेवटचं वाक्य तिने स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, पण हळू नाही म्हटलं. नेरेइदाने काही खुलासा केला नाही. काय मागितलं ते सांगायचं नसतं, एवढंच ती म्हणाली आणि रेडिओ मोठा केला.

सतरा तारखेला नेरेइदा गोणपाटाचा झगा आणि जांभळा कमरपट्टा घालून फाटकाशी उतरली आणि खाली बसली. बसायलाच तिला दोघींचा आधार लागला, एक यामिले आणि दुसरी कोण कुठली अनोळखी बाई. मग ती निघाली. ऊन होतं, फरशी तापलेली. यामिले तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत होती, झावळीने खडे बाजूला सारत होती आणि रडत होती. रडत होती ती भक्तीने नव्हे, रागाने. आजूबाजूचे लोक मात्र तिच्याकडे कौतुकाने बघत होते. एका आजींनी तर तिच्या गालावरून हात फिरवला आणि अशी मुलगी सगळ्यांना मिळो असं म्हटलं. यामिलेला त्या आजींना चावावंसं वाटलं. वेदीपाशी पोचल्यावर नेरेइदाने कपाळ टेकलं, काहीतरी पुटपुटली, आणि मग तिला उचलायला चार माणसं लागली. दुसऱ्या दिवशी गुडघा असा सुजला की त्यावर झग्याशिवाय काही चढेना.

किर्चला सांगायचं नाही, असं यामिलेने ठरवलं. त्याच्या पोटातली आग तिला बघवली नसती. शिवाय गर्दी हजारोंची होती, आईच्या चेहऱ्यावर शाल ओढलेली होती, आणि कॅमेरावाला काय सतरा डिसेंबरलाच येणार होता? असं ती स्वतःला समजावत राहिली. नेरेइदाने एकदा विचारलं की वकिलाला सांगितलं का. त्यांनी विचारलं नाही, असं यामिलेने सांगितलं. हे उत्तर आईला पटलं नाही हे तिला दिसलं, पण तिने तिकडे दुर्लक्ष केलं.

फेब्रुवारीत जबाबाचा दिवस आला. जबाब कोर्टात नव्हता, समोरच्या वकिलांच्या कचेरीत होता, बंदरावर नजर टाकणाऱ्या काचेच्या उंच इमारतीत. खाली जहाजं ओळीने उभी, पांढरीशुभ्र. लांबट टेबल, शब्द न् शब्द टिपून घेणारी एक बाई, एक दुभाषी बाई, आणि समोर जहाज कंपनीचा वकील ब्रायन पेद्रोसो. तिशीच्या आतबाहेरचा पोरगा, सूट असा की एकही सुरकुती नाही. कोपऱ्यात गप्प बसायच्या अटीवर यामिलेला आत घेतलं होतं.

नेरेइदाने उजवा हात वर करून शपथ घेतली आणि बसता बसता त्याला विचारलं की तू कुठल्या पेद्रोसोंचा. दुभाषी बाईने तेही भाषांतर केलं. इथे प्रश्न मी विचारणार, असं पोरगा हसून म्हणाला, आणि मग न राहवून आपल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये त्याने सांगितलं की आजी तिकडे मायदेशातल्या प्लासेतास गावची. नेरेइदाने मान डोलावली. आता तिला बोलायला आपल्यातला माणूस मिळाला होता.

मग ती बोलली. सपाता, त्यांचे झिजलेले तळ, फ्लानच्या दोन्ही बशा, दीर. पोरगा फुलत गेला. किर्च गोळ्या चघळत राहिला, पण त्याने मध्ये एकदाच तोंड घातलं आणि तेही यंत्र किती वेळ गळत होतं हे नोंदवायला. यामिलेला प्रत्येक उत्तराला आईच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता. असं दोन तास चाललं. मग पेद्रोसोने पाणी प्यायलं, कागद सरळ केले आणि सहज स्वरात विचारलं की जहाजावर पडल्यापासून आजपर्यंत बाई कधी गुडघ्यांवर बसल्या आहेत का.

हा प्रश्न सहज नव्हता, हे यामिलेने ओळखलं. त्याच्याकडे काहीतरी होतं. पण नसलं तर? त्या गर्दीत, शालीखाली, कशावरून त्याच्याकडे असेल? नाही म्हण, असं तिला वाटलं. आयुष्यात एकदा, या एका गुडघ्यासाठी, तुझ्या त्या जिन्यासाठी, खोटं बोल. आईने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली, अगदी जराशी. नेरेइदाने ते नीट पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

किर्चचा जबडा थांबला. पेद्रोसोचाही चेहरा पडला. त्याला 'नाही' हे उत्तर हवं होतं, म्हणजे तिला खोटं पाडता आलं असतं. तरी त्याने लॅपटॉप फिरवला आणि चित्रफीत लावली. फाटक, ऊन, गोणपाटाचा झगा, इंचाइंचाने सरकणारी बाई. तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालणारी, झावळी फिरवणारी दुसरी बाई. किर्च यामिलेकडे वळला. त्या नजरेपुढे तिने आपली पर्स उघडून आत काही शोधायचं नाटक केलं.

या आपणच का, असं पेद्रोसोने विचारलं. हो. पुढची बाई कोण? मुलगी, ती जाऊ नको म्हणत होती, म्हणून रडतेय. हे कशासाठी? नवस. इथे पोरग्याने खुर्ची पुढे ओढली आणि दुभाषी बाईची वाट न बघता तो थेट स्पॅनिशमध्ये बोलू लागला, ती मागोमाग इंग्रजी करत राहिली.

"माझी आजीपण जायची सान लासारोला. दर वर्षी. मला घेऊन जायची. मला माहितीय कसं असतं ते. आधी मागायचं, मग म्हाताऱ्याने दिलं, तरच फेडायचं. बरोबर?"

"बरोबर. चांगली होती तुझी आजी."

"दिलं नसेल, तर गुडघ्यांवर जायचं नाही."

"नाहीच जायचं. न दिलेल्याचं काय फेडणार?"

"म्हणजे तुम्हाला त्याने दिलं."

"दिलं."

किर्चने डोळे मिटले. यामिलेला कळलं की संपलं. नवस पावला, म्हणजे गुडघा बरा झाला. आईने स्वतःच्या तोंडाने, शपथेवर, दोन भाषांत सांगितलं. त्या पोरग्याने तिथे थांबायला हवं होतं. जुना मुरलेला वकील असता तर कागद गोळा करून कॉफी मागवली असती. पण हा तरुण होता, आजी आठवून जरा हळवाही झाला होता, आणि ते नेटकं वाक्य त्याला तिच्याच तोंडून हवं होतं.

"मग काय मागितलं होतंत, तेवढं सांगा."

"ते सांगायचं नसतं. आजीने शिकवलं नाही?"

"तुम्ही शपथेवर आहात."

नेरेइदाने किर्चकडे पाहिलं. सांगावंच लागतं का, असं तिने विचारलं. सांगावं लागतं, असं किर्च डोळे न उघडताच म्हणाला. मग तिने कोपऱ्यात पाहिलं, यामिलेकडे. त्या नजरेत यामिलेला पहिल्यांदाच माफी मागणं दिसलं, आणि कशाची ते काही तिला कळेना.

"गाठ," नेरेइदा म्हणाली. "माझ्या मुलीच्या छातीत गाठ निघाली होती. गेल्या मार्चमध्ये, पडायच्या आधी. तिने मला सांगितलं नाही. मी म्हाताऱ्याला म्हटलं, गाठ साधी निघू दे, मी सतरा डिसेंबरला फाटकापासून गुडघ्यांवर येते. साधी निघाली. मग मी जहाजावर पडले. आता गुडघा फुटला ही माझी अडचण, त्याची नाही ना. त्याने त्याचं केलं होतं."

टिपून घेणाऱ्या बाईची बोटं चालत राहिली. दुभाषी बाई अर्ध्यात अडखळली आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. कोपऱ्यात यामिले पर्स उघडी धरून बसली होती. मार्चमधली ती गाठ तिने नवऱ्याखेरीज जगात कुणाला सांगितली नव्हती. आईला तर मुळीच नाही. आई रडेल, सगळ्या गल्लीला सांगेल, म्हणून. गाठ साधी आहे असा अहवाल आला त्याच आठवड्यात तिने जहाजाचं तिकीट काढलं होतं. मातृदिन हे निमित्त होतं. जिवंत आहे म्हणून तिला समुद्र बघायचा होता, आणि आई शेजारी हवी होती.

पेद्रोसोने लॅपटॉप मिटला. पुढे प्रश्न नाहीत, असं तो म्हणाला, इंग्रजीत.

खाली मोटारी ठेवायच्या जागी किर्चने आधी दोघींना धुऊन काढलं. आपल्या वकिलापासून लपवतात? त्याला तिथे समोर बसवून, त्याच्या डोक्यात धोंडा पडताना बघतात? यामिलेने ऐकून घेतलं. मग तो जरा शांत झाला, गोळी न खाता झाला, आणि कुंपणाला टेकून म्हणाला की गुडघा तुम्ही स्वतःच बिघडवलात असं आता ते म्हणतील, म्हणू देत. पण ती चित्रफीत त्यांना कोर्टात दाखवायची असेल तर पडदा धरून तो स्वतः उभा राहील. हे मायामी आहे. ज्यूरीतल्या निम्म्यांच्या आज्या त्या फाटकातून गेलेल्या असणार. अडलेल्या ऑपरेशनची तारीख घ्यायला हरकत नाही, तडजोडीसाठी कंपनीचाच फोन येईल, असं तो म्हणाला आणि आपल्या खटारा गाडीकडे गेला.

यामिलेने आईला पुढच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला, आपल्या जागेवर येऊन चावी फिरवली आणि गाडी तशीच उभी ठेवली.

"तुला कुणी सांगितलं?"

"रेइनिएर मला 'आई' म्हणाला. दोनदा. इतक्या वर्षांत कधी म्हणाला नव्हता. तेव्हाच ओळखलं काहीतरी वाईट आहे. मग त्याला पकडला, कॉफी पाजली, बोलला."

"आणि मला एका शब्दाने नाही सांगितलंस. सबंध वर्ष."

"तू मला सांगितलंस?"

यामिले चिडली. खरोखर चिडली, रडता रडता चिडली. ती म्हणाली की हा काय प्रकार आहे, तू माझ्यासाठी त्या फरशीवर जीव देत होतीस आणि मी तुझ्यापुढे चालत तुला मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि तू देऊ दिल्यास. ही कसली आई, ही कसली रीत. ती म्हणाली की मी तुला वेडी म्हटलं.

"म्हातारी वेडी म्हटलंस. ऐकलं मी."

"मग बोलायचं होतंस तिथेच!"

"बोलले असते तर तू मला जाऊ दिलं असतंस? स्वतःच गेली असतीस. तुझ्यासाठीचं तूच फेडून कसं चालेल?"

यामिलेने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि गाडी मागे घेतली. फाटकाशी अडथळ्याची काठी वर गेली. मग तिला राहवेना.

"आणि गुडघ्यासाठी? गुडघ्यासाठी काय मागितलंस त्याच्याकडे?"

नेरेइदाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं कॉफी पातळ झाल्यावर बघायची.

"गुडघ्यासाठी त्याला कशाला त्रास?" ती म्हणाली. "गुडघ्याला आपण वकील केलाय की."